पलीकडं बघून ये

साइटवर हिला बंदूक म्हणत्यात. मी मशीनच म्हणतो.
बंदूक म्हटलं की पोरांचं डोळं चमकत्यात,
आणि चमकणाऱ्या डोळ्यांवर
चष्मा चढवाय लावणं लई जड.

बस वाहीद, हितं, ह्या पुट्टीच्या पोत्यावर.
उजळाईवाडीच्या ह्या दवाखान्यात
अजून तीन मजल्यांचं सीलिंग टांगायचंय.
घाई ठेकेदाराला हाय, तुला आणि मला न्हाई.

ही पट्टी. दहा काडतुसं, भुईमुगाच्या दाण्याएवढी.
हिरवं हलकं, पिवळं मधलं, तांबडं म्हणजे जाळ.
तांबडं म्हटलं की आपल्या कोल्हापूरकराचा हात
आपोआप वाटी पुढं करतोय, ठावं हाय मला.
पण ह्या पंगतीत सुरुवात हिरव्यानंच.
खिळा निम्मा उभा राहिला, तरच पुढची पायरी.
आणि खिशात टाकायचं न्हाई, एकबी.
खिशात किल्ल्या असत्यात, चिल्लर असती,
आणि खिशाच्या मागं तू असतोस.

कानात बोळं घाल.
माझ्या डाव्या कानात सात वर्षं झाली
एक कुकर शिट्टी द्याय निघालाय,
अजून देत न्हाई.

भिंतीला आधी टिचकी मार, कलिंगड बघतोस तशी.
ठक्क म्हटली तर काँक्रीट.
ढब म्हटली तर आत पोकळ; मशीन खाली, ड्रिल वर.
कडेपासनं चार बोटं आत घे,
न्हाईतर कड तडकती
आणि कपरी सरळ तोंडाकडंच येती.

मी टिचकी मारली नव्हती.
शिरोलीत, फौंड्रीच्या ऑफिसचं काम,
जेवायच्या आत पट्टी संपवायची म्हणून
तांबडं घातलं, दाबलं, ओढलं.
खिळा बसल्याचा एक आवाज असतोय, घट्ट, आखूड.
तो आला न्हाई.
नुसता धडाका, आणि भिंतीत एक भोक,
भोकातनं पलीकडचा उजेड.

मग पलीकडनं आक्काताई सनदी आली.
घमेलं उचलाय वाकली होती ती, म्हणून आली.
हातात डबा. डोक्याच्या उंचीला टांगलेला.
त्याच्या कुशीतनं आत, भाकरीतनं, खरड्यातनं,
पलीकडच्या पत्र्याला जाऊन अडकलेला खिळा.
वरडली न्हाई. शिव्याबी दिल्या न्हाईत.
खिळा उपसला, पदराला पुसला,
माझ्या तळहातावर ठेवला:
"ह्यो तुझा न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी नवा डबा नेला. तिनं तो लेकीला दिला.
आपण जुनाच वापरला, भोकाला एमसील लावून.
काम संपेस्तोवर रोज दुपारी
ती राखाडी टिकली माझ्याकडं बघत होती.

हां, धर आता. लिफ्टची भिंत हाय, पक्की हाय,
टिचकी मारली न्हवं? मार परत.
दोन्ही हातांनी, सरळ, अंग टाकून.
दाब. ओढ.

वाजलं न्हाई?
उचलू नकोस! तसंच दाबून धर.
वाकून नळीत बघू नकोस, शपथ हाय तुला.
तीस मोज. माझ्यासंगट, दमानं.
एक. हायवेला उसाचा ट्रॅक्टर.
सात. फरशीवाल्याचं कटर थांबलं.
बारा. घाम नाकापर्यंत आला, येऊ दे.
एकोणीस, वीस. ह्या टायमाला मला
कायम खरड्याचा वास येतोय.
तीस.
आता काढ. ते काडतूस त्या बादलीत, पाण्यात.
कचऱ्यात न्हाई, लहान पोरं कचरा उचलत्यात.

पुढचं घालायच्या आधी पलीकडं बघून ये.
व्हय, सकाळी मी बघितलंय.
सकाळचं बघणं आता शिळं झालं.

गेला. आला.
म्हणाला, "कोण न्हाई उस्ताद, मोकळंच हाय.
नुसता एक डबा टांगलाय."

मी मशीन खाली ठेवलं.
म्हटलं, "मग कोणतरी हाय."